वरची डावी दाढ

पारोळ्याहून करंजवाड्याला जाणाऱ्या सकाळच्या एसटीत दिपमाला चढली, तेव्हा बसायला एकच जागा उरली होती. ड्रायव्हरच्या मागची सीट, आणि तीही अर्धी. उरलेल्या अर्ध्या सीटवर कुणाचं तरी भरताच्या वांग्यांचं पोतं ऐसपैस बसलं होतं. दिपमालानं औजारांचा डबा पायाशी ठेवला, अंग चोरून बसली आणि समोर पाहते तर आरसा. आरशात ड्रायव्हरचे डोळे.

ते डोळे तिच्याकडेच बघत होते.

तिनं मान वळवली. बाहेर कापसाची शेवटची वेचणी चालली होती, थंडीतलं ऊन कोवळं होतं. थोड्या वेळानं तिनं पुन्हा आरशात पाहिलं... पुन्हा तेच. या खेपेला मात्र ती हटली नाही. टक लावून बघतच राहिली. फाट्यापासून नाल्याच्या पुलापर्यंत! बिचारा ड्रायव्हर कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. पुलावर शेळ्या आडव्या आल्या, गाडी थांबली, आणि न राहवून तो मागे वळला.

"मॅडम, माझं काही चुकलं का?"

"का हो?"

"नाही, मघापासून तुम्ही माझ्याकडे—"

"तुमच्या डाव्या गालाकडे," दिपमाला म्हणाली. "सुजलाय. वरची दाढ ना? किती दिवस झाले?"

कंडक्टर झुलाल असा काही हसला की तिकिटाचं मशीन त्याच्या हातातून निसटता निसटता राहिलं. "तरी मी म्हनतो, नवलभाऊ आज आरशात एवढा काय पाहून राहिला!"

"मला काही झालेलं नाही," नवल म्हणाला. बोलताना तोंडातून लवंगेचा भपकारा आला. दोन-तीन लवंगा तरी दाढेखाली असाव्यात.

"दवाखान्यात या ना ड्रायव्हरभाऊ, बघते मी."

"येत नाही," त्यानं गिअर टाकला. "आणि भाऊ नका म्हणू."

आता खानदेशात भाऊ म्हणायचं नाही तर म्हणायचं काय? इथे तर भाजीवालाही भाऊ आणि कलेक्टरही भाऊ. दिपमालाला हसू आलं आणि ते आरशात दिसू नये म्हणून तिनं वांग्यांच्या पोत्याआड तोंड लपवलं.

दिपमाला जळगावला एका दवाखान्यात दातांची डॉक्टर होती आणि रविवारी करंजवाड्याच्या धर्मादाय दवाखान्यात फुकट काम करायची. एरवी दवाखाना चालवणाऱ्या संस्थेच्या जीपनं यायची, त्या दिवशी जीप चुकली म्हणून एसटी. ग्रामपंचायतीच्या बाजूला दोन खोल्या. एका खोलीत ताप-खोकल्याचे डॉक्टर, त्यांच्यापुढे साठ-सत्तर माणसांची रांग. दुसऱ्या खोलीत दिपमाला आणि तिची खुर्ची. ही खुर्ची तिनं धंदा बंद करणाऱ्या एका म्हाताऱ्या डेंटिस्टच्या मागे लागून मिळवली होती, स्वतः घासूनपुसून टेम्पोत घालून आणली होती. आणि त्या खुर्चीवर चार रविवारांत बसले किती? नऊ जण. त्यातले सहा नुसते खाली-वर करून बघायला.

त्या दिवशी संस्थेचे प्रेमराजभाऊ तिच्यापाशी येऊन बसले. माणूस भला, पण हिशेबी.

"बेटा, अजून तीन रविवार पाहू. नाहीच कोणी बसलं तर खुर्ची दुसऱ्या गावी हलवू. तुझा वेळ वाया जातोय, तिथं दुखणारी माणसं वाट बघताहेत."

"दुखणारी माणसं इथंही आहेत. गालाला फडकी बांधून हिंडताहेत, भाऊ. खुर्ची हलणार नाही."

"पण बसत का नाहीत?"

"ते मी शोधून काढते."

शोधायला फार लांब जावं लागलं नाही. गोळी मागायला आलेल्या मंजुळाबाईंनी खुर्चीकडे पाहून हात जोडले. "नको व ताई. वरनी दाढ काढी का डोया जास. सुगंधा अक्काले दख जाय."

दिपमाला तशीच उठली आणि घर विचारत गेली.

सुगंधा अक्का अंगणात कापसाच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजत होत्या. उजव्या डोळ्याची बाहुली दुधासारखी पांढरी. आणि त्यांच्या शेजारी हिरव्या मिरच्या निवडत बसला होता, खाकी शर्ट काढून बनियनवर... नवल! परतीच्या फेरीला दोन तास होते, तेवढ्यात आईकडे जेवायला आलेला. त्यानं धडपडून दोरीवरचा टॉवेल खांद्यावर घेतला.

अक्कांची गोष्ट सगळ्या गावाला पाठ होती. नऊ वर्षांपूर्वी वरची दाढ फार ठणकली म्हणून नवल त्यांना तालुक्याला घेऊन गेला. दाढ काढली. सहा महिन्यांत उजवा डोळा गेला. तेव्हापासून करंजवाड्यात वरच्या दाताला कुणी हात लावू दिला नव्हता.

दिपमालानं पर्समधली बॅटरी काढून डोळ्यात उजेड टाकला. "अक्का, हा मोतीबिंदू दिसतोय. दाढ काढली नसती तरी आला असता. दोन्ही गोष्टी एका वर्षात झाल्या, एवढंच. ऑपरेशन केलं तर बहुतेक परत दिसेल."

"तू दातनी डॉक्टर शे ना?" अक्कांनी वांगं उलटं केलं. "मंग डोयानं तुले काय समजस?"

"तेही खरंच," ती म्हणाली. "म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे चला. मी येते बरोबर."

"मना डोया गया तो गया. मना आंडोर, हाऊ नवल, गाडी चालाडस. त्याना डोयासवर चाळीस माणसेस्ना जीव शे. त्यानी दाढनं नाव लेऊ नको."

दिपमालानं नवलकडे पाहिलं. तो मिरच्यांकडे बघत होता. तिला कळलं, याला सुईची भीती नाही. आईला हात धरून आपणच नेलं, हे तो नऊ वर्षं मनात घेऊन गाडी चालवतोय. तिला त्याची फार माया आली, आणि डॉक्टरला पेशंटबद्दल वाटावी त्यापेक्षा ती जरा जास्तच होती.

निघताना तिनं पाच दिवसांच्या गोळ्या त्याच्या हातावर ठेवल्या. "सूज तरी उतरू दे."

"जहाल आहात तुम्ही, मॅडम."

"अजून पाहिलंय काय तुम्ही!"

पुढच्या रविवारी जीपमध्ये जागा होती. तरी दिपमाला एसटीनंच आली. कुणी विचारलं असतं तर तिनं पेशंटवर लक्ष ठेवायचंय असं सांगितलं असतं, पण कुणी विचारलं नाही. तिनं आरशात बघून आपल्या गालाला हात लावला, म्हणजे—दुखतंय? नवलनं मान हलवली—नाही. तिनं डोळे बारीक केले—खरं? त्यानं बोटांनी चिमूटभर दाखवलं... एवढंसं. झुलालनं तिकीट फाडायच्या मशीनवरून दोघांकडे पाहिलं आणि उगाचच मोठ्यानं "तिकीट, तिकीट" ओरडत मागे निघून गेला.

त्या रविवारी खुर्चीवर दोघं बसले. त्याच्या पुढच्या रविवारी एक. आता एकच रविवार उरला होता, आणि गोळ्यांनी दबलेली दाढ पुन्हा ठणकायला लागली होती.

संध्याकाळी पारोळ्याच्या स्टँडवर सगळे उतरले. दिपमाला शेवटी उतरली. नवल बोनेटला टेकून उभा होता, लवंग चघळत.

"एक विचारू?" तो म्हणाला. "राग नका मानू. तुम्हाला माझी दाढ काढायची आहे, की खुर्ची वाचवायची आहे? मी बसलो की गाव बसेल, हे तुम्हालाही माहीत आहे."

प्रश्न झोंबला, कारण तो खरा होता.

"पहिल्यांदा दोन्ही डोक्यात होतं," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू? पण आता... तुम्ही रात्र रात्र जागता, हे मला सहन होत नाही. खुर्चीचं मी बघेन. गावात बसू नका. मंगळवारी जळगावला या, माझ्या दवाखान्यात. गुपचूप काढून देते. कुणाला कळणारसुद्धा नाही."

"अक्कालाही?"

"अक्कांनाही."

नवल बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला. समोरासमोर, आरसा नसताना, ते दोघांनाही जरा जड गेलं. मग त्यानं तोंडातली लवंग थुंकून टाकली.

"मंगळवारी ड्युटी आहे माझी," एवढंच म्हणाला.

मंगळवारी तो आला नाही. दिपमालानं सात वाजेपर्यंत वाट पाहिली आणि स्वतःवरच चिडून घरी गेली.

रविवारी गाडीवर दुसराच ड्रायव्हर होता. "नवलभाऊनी रजा टाकली," झुलाल म्हणाला आणि यापलीकडे काही सांगेना. दिपमालाचं मन सगळा रस्ताभर थाऱ्यावर नव्हतं. आज संध्याकाळी खुर्चीचे नटबोल्ट खोलायचे, हे तिनं मनाशी धरलंच होतं.

दवाखान्यापाशी पोचली तर ओट्यावर अर्धं गाव. आणि आत, खुर्चीवर, धुतलेला पांढरा शर्ट घालून नवल.

"मंगळवारी वाट पाहिली मी!"

"गुपचूप काढली असती तर मी पुन्हा गुपचूपच राहिलो असतो," तो म्हणाला. "काढायची तर सगळ्यांसमोर. दारं उघडी ठेवा, मॅडम."

तेवढ्यात काठी आपटत अक्का आल्या. गर्दीनं वाट दिली.

"ऊठ तठून!"

"माय," नवल शांतपणे म्हणाला, "तुले मीच लई गयथू. नऊ वरीस मी मालेच दोष देत ऱ्हायनू. तो दोष दाढना व्हता का नही, ते आज मना वर दखू दे."

अक्का खाली बसल्या, खुर्चीच्या पायाला टेकून. "हात धरू दे मंग," म्हणाल्या.

एक हात आईच्या हातात. दुसरा खुर्चीच्या दांड्यावर घट्ट आवळलेला. दिपमालानं रक्तदाब तपासला, इंजेक्शन दिलं, थांबली. तिची बोटं रोज चार दाढा काढणारी बोटं होती, पण आज तिनं एक मोठा श्वास घेतला. दाढ मुळांसकट हट्टी निघाली, मालकासारखीच. पण निघाली. ट्रेमध्ये टण्णकन आवाज झाला आणि ओट्यावरचं अर्धं गाव एकदम "आई गं" म्हणालं.

"कापूस दाबून धरायचा. अर्धा तास बोलायचं नाही," दिपमालानं बजावलं.

नवलला ओट्यावर आणून बसवलं. आता गाव त्याच्या दाढेकडे नाही, डोळ्यांकडे बघत होतं. म्हातारा पुन्या पुढे झाला. त्याच्या शेळ्या लांब टेकडीच्या उतारावर चरत होत्या, पांढऱ्या ठिपक्यांएवढ्या.

"किती बकऱ्या शेत, सांग."

नवलनं डोळ्यांवर हात धरला. मग एका हाताची पाच बोटं आणि दुसऱ्याची दोन वर केली.

"चुकना!" पुन्या ओरडला. "मन्या सहाच शेत!"

गर्दीत कुजबुज झाली. नवलनं मान जोरात हलवली, पुन्हा सात बोटं. बोलता येईना म्हणून नुसता तडफडत होता. सगळे टेकडीकडे बघत राहिले... आणि बाभळीच्या मागून एक काळं करडू उड्या मारत बाहेर आलं. पुन्यानं कपाळावर हात मारला. "हाई मंजुळानं! मन्या बकऱ्यास्मा येई गयं."

असा हशा पिकला की खोकल्याची रांगसुद्धा मोडून ओट्यावर आली. फक्त अक्का हसल्या नाहीत.

"मना डोया काय त्याच दिन गया व्हता? सहा महिना लागनात त्याले."

म्हातारीचं चुकत नव्हतं.

"मग सहा महिने मोजू," दिपमाला म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण ओट्याच्या टोकापर्यंत ऐकू गेला. "दर रविवारी मी येईन. दर रविवारी याच ओट्यावर यांना शेळ्या मोजायला लावीन. पाऊस असो, ऊन असो. एक जरी शेळी कमी मोजली, तर खुर्ची मी स्वतः डोक्यावर घेऊन जाईन."

नवलनं तिच्याकडे पाहिलं. बोलायची बंदी होती, म्हणून बरं झालं.

दहा मिनिटांनी मंजुळाबाई गालाचं फडकं सोडत खुर्चीवर येऊन बसल्या. मग झुलाल. मग आणखी चौघं. संध्याकाळी प्रेमराजभाऊंनी वही पाहिली, पेन खिशाला लावलं आणि खुर्ची हलवण्याचा विषयच काढला नाही.

आणि निघताना अक्कांनी दिपमालाचं मनगट पकडलं. एका डोळ्यानं तिला जवळून न्याहाळलं. "माले बी लई चाल जळगावले. मना आंडोर दर आयतवारे जिना गुन गास, ती पोर दोन्ही डोयासघाई दखू तरी दे."

परतीच्या गाडीत ड्रायव्हरच्या मागची तीच सीट. या खेपेला वांग्यांचं पोतं नव्हतं, नवल होता. अक्कांना जळगावला कधी आणायचं, ते दिपमालाला विचारायचं निमित्त सांगून तो पारोळ्यापर्यंत येत होता. हे फोनवरही विचारता आलं असतं, पण दिपमाला तसं म्हणाली नाही.

"सहा महिने म्हणजे किती रविवार?" त्यानं हळूच विचारलं. गाल सुजल्यामुळे शब्द अजून घसरत होते.

"सव्वीस."

"मला पुरणार नाहीत."

"मग?"

"मग... जन्मभर मोजत राहू म्हणतो. शेळ्या." तो थांबला. "शेळ्यांचं राहू द्या, मॅडम. तुम्ही मला आवडता. पहिल्या दिवशी आरशात तुम्ही गालाकडे बघत होतात. मी तुमच्याकडेच बघत होतो."

दिपमालानं खिडकीबाहेर पाहिलं. ऊन उतरलं होतं, शेतात कुठेतरी भरिताची वांगी भाजल्याचा वास होता. तिनं बाहेरच बघत आपला हात सीटवर ठेवला, दोघांच्या मधोमध, आणि तो उचलला नाही.

"गालाकडे फक्त पुलापर्यंतच बघत होते," ती म्हणाली. "ड्रायव्हरभाऊ."

"भाऊ नका—"

"बरं. नवल."

त्याचा हात तिच्या हातावर आला. समोरच्या आरशात नव्या ड्रायव्हरचे डोळे मोठे झाले.

"दादा, रस्त्याकडे बघ," नवल म्हणाला. "आज आरशात तुझं काही काम नाही."