सोळा इंच

मार्चच्या तिसऱ्या सोमवारच्या आत गोठलेल्या तळ्यावरची मासेमारीची सगळी खोपटी काठाला आली पाहिजेत, असा तिथला सरकारी नियम. त्या वर्षी रविवार उजाडला तेव्हा केटल लेकच्या बर्फावर एकच खोपटं उरलं होतं, आणि ते ओढून आणायचं काम वेंडेल टॉरसनने अंगावर घेतलं होतं. घेतलं म्हणजे, त्याला नाही म्हणता आलं नव्हतं.

खोपटं आर्डिसचं. मुळात तिच्या नवऱ्याचं, लायलचं. आठ फूट रुंद, बारा फूट लांब, प्लायवूडवर पत्रा ठोकलेला, आत लाकडाची शेगडी, दोन बाकडी आणि गळ सोडायला तळफळ्यांत कापलेले चार गोल. खाली दोन जाड लाकडी घसरपट्ट्या. लायलने ते स्वतः बांधलं होतं आणि लागतं त्याच्या दुप्पट लाकूड घातलं होतं. "वाऱ्याने उडायला नको," असं तो म्हणायचा. वेंडेल त्याला म्हणायचा, "उडायचं सोड, ते हलेल तरी का?"

मागच्या मार्चमध्ये हेच खोपटं ओढून आणताना लायल बर्फाखाली गेला. तो गेला, त्याची गाडी गेली. ओढायचा पट्टा तुटला म्हणून खोपटं तेवढं कडेला राहिलं.

ते विकून टाक, असं सगळ्यांनी आर्डिसला सांगितलं. तिने ऐकलं नाही. डिसेंबरात वेंडेलकरवी ते परत तळ्यावर नेलं आणि सगळा हिवाळा त्यात एकटी गळ टाकून बसली.

त्या रविवारी दुपारी ती काठावर उभी होती. थर्मास आणि कागदात गुंडाळलेले हॅमचे सँडविच तिने वेंडेलच्या गाडीच्या पेटीत ठेवले. गाडी म्हणजे एटीव्ही, जाड टायरांची, टायरांना साखळ्या, आणि मागचं वजन वाढावं म्हणून वाळूची दोन पोती बांधलेली.

"बर्फ बघितलास ना?" तिने विचारलं.

"झाडांच्या ओळीनेच सगळे आलेत गेल्या आठवड्यात. ट्रकसुद्धा."

नाताळ संपला की लोक आपापली झाडं आणून तळ्यावर वाटेच्या खुणा म्हणून रोवतात. ती ओळ काठापासून खोपट्यापर्यंत दिसत होती. एका झाडाला अजून चंदेरी झिरमिळ्या होत्या.

"तू म्हणतोस म्हणजे असेलच," आर्डिस म्हणाली. "लायल म्हणायचा, वेंडेल मोजल्याशिवाय तोंड उघडत नाही."

वेंडेलने हातमोजे चढवले आणि गाडी सुरू केली. तिच्याकडे बघायचं त्याने टाळलं.

कारण लायल गेला तेव्हा त्याने मोजलंच नव्हतं.

खाडीसारखी अरुंद जागा आहे तिथे, जिथे ओढा तळ्याला मिळतो. पाणी खालून वाहतं, म्हणून बर्फ फसवा. वेंडेलचं आवार त्या बाजूच्या टेकडीवर, म्हणून दरवर्षी तिथे भोकं पाडून जाडी मोजायचं काम त्याचं. मागच्या वर्षी तो गिरमिट घेऊन काठापर्यंत गेला होता. वारा तोंड सोलून काढत होता. गिरमिटाचं इंजिन दोनदा दोरी ओढूनही पेटलं नाही. तिसऱ्यांदा त्याने ओढली नाही. घरी येऊन तो वाटाण्याचं सूप घेऊन बसला, आणि तेवढ्यात लायलचा फोन आला.

"किती आहे रे?" लायलने विचारलं.

"सोळा इंच," वेंडेल म्हणाला. "सगळीकडे."

दुसऱ्या दिवशी दहा वाजता लायल बर्फाखाली गेला. शेरीफ चौकशीला आला तेव्हा वेंडेल म्हणाला, बर्फ एका रात्रीत बदलतो. सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यानंतर त्याने गिरमिटाला हात लावला नव्हता.

खोपट्यापाशी पोचला तेव्हा बर्फ पडायला लागला होता. बारीक, कोरडा. घसरपट्ट्या थिजून बसल्या होत्या. त्याने पहारीने दोन्ही बाजूंचा बर्फ फोडला, खाली फळकुटं सारली, पट्टा अडकवला आणि हळूहळू गाडी पुढे काढली. साखळ्यांनी बर्फ खरवडला, पट्टा ताणला, आणि खोपटं एकदाचं कुरकुरत सुटलं.

निम्म्या वाटेवर काठ दिसेनासा झाला. मग झाडं एकेकच दिसायला लागली, एक मागे टाकलं की पुढचं. आकाश आणि बर्फ एकाच रंगाचे झाले होते. इंजिनाचा आवाजही जवळच विरून जात होता, कापसात बोलावं तसा.

आठव्या झाडापाशी खोपटं थांबलं.

त्याने जोर लावला. चाकं जागच्या जागी फिरली. परत लावला. गाडीच मागे सरकली, हातभर. जणू कोणी मागून पट्टा धरून मागे ओढलं होतं.

वेंडेलने इंजिन बंद केलं. घसरपट्ट्यांखाली पाणी आलं असेल, असं त्याला वाटलं. तो खाली उतरला, वाकून बघितलं. बर्फ कोरडा होता. घसरपट्ट्या मोकळ्या होत्या.

आणि मग त्याला आतून आवाज आला.

कर्र... कर्र... कर्र... थोडं थांबून परत. हाताने फिरवायच्या गिरमिटाचा आवाज. इंजिनाचं गिरमिट लायलला आवडायचं नाही. माशांना डोकेदुखी होते, म्हणायचा.

वेंडेलने दार उघडलं. आत कोणी नव्हतं. शेगडी गार. बाकड्यावर आर्डिसची घोंगडी नीट घडी घालून ठेवलेली. पण तळफळ्या ओल्या होत्या आणि त्यांवर बर्फाचा ताजा कीस पडला होता, नुकताच खरवडल्यासारखा. ओल्या लोकरीचा आणि रॉकेलचा वास येत होता.

आवाज बंद झाला. मग तोच आवाज बाहेरून यायला लागला. पुढून, उजव्या हाताने, झाडांच्या ओळीपासून दूर.

तो का गेला, हे त्याला नंतरही सांगता आलं नाही. दहा पावलं गेला आणि पायाशी भोक दिसलं. वाटोळं, स्वच्छ, कडेला किसाचा ढीग. पाणी अजून हलत होतं. वेंडेल गुडघ्यावर बसला, बाही सारली, हात आत घातला. बर्फाची खालची कड कोपराच्या वर लागली. जाड बर्फ. वीस इंच तरी.

वीस पावलांवर दुसरं भोक होतं.

"लायल...?" तो म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच ऐकू आला नाही.

तो परत गाडीवर बसला आणि हँडल उजवीकडे वळवलं. खोपटं इतकं हलकं आलं की पट्टा सैल पडला. रिकामी खोकी ओढावी तसं. एक भोक, मग दुसरं, मग तिसरं. प्रत्येकातलं पाणी हलत होतं. गिरमिटाचा आवाज कायम एका भोकाने पुढे, बर्फाच्या पडद्याआड.

मध्येच वारा फिरला आणि पडदा क्षणभर फाटला. डावीकडे त्याला झाडांची ओळ दिसली. झिरमिळ्यांचं झाड होतं. ते कललं. आणि मग कोणी खालून हलकेच ओढून घ्यावं तसं उभंच्या उभं आत गेलं. आवाज झाला नाही. तिथे काळं पाणी पसरलं.

वेंडेलने गाडी थांबवली नाही. तो रडत होता आणि ते त्याला गालावर गोठल्यावर कळलं.

काठ जवळ आला असावा. गिरमिट अगदी पुढ्यात वाजत होतं, हात पुढे केला तर लागेल इतकं. मग ते थांबलं. ओल्या लोकरीचा वास दाटला. आणि कानाशी, फोनवर येतो तसा बारीक, शांत आवाज आला.

"किती आहे रे?"

वेंडेलने तोंड उघडलं. त्याला खरं सांगायचं होतं. तो शपथेवर सांगतो की त्याला खरं सांगायचं होतं. पण त्याने तोंड परत मिटलं. मग पावलं दूर गेली. गाडीची पुढची चाकं काठाच्या खड्यांवर चढली.

आर्डिस तिथेच होती. शेजारचा रेनो लाहती दोर घेऊन तिच्या सोबत उभा होता. पाऊण तासाने बर्फ थांबला, ऊन पडलं आणि सगळं तळं दिसायला लागलं. झाडांच्या ओळीत एक रुंद काळी फट होती. आणि तिला लांबून वळसा घालून, आठव्या झाडापासून काठापर्यंत, भोकांची रांग.

रेनोने डोळ्यांवर हात धरून मोजली. "एक्केचाळीस," तो म्हणाला. "काय रे वेंडेल, तळ्याची चाळण करायला निघाला होतास?"

आर्डिस त्याच्याजवळ आली. मग तिने वेंडेलचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "एवढी भोकं पाडलीस तू? त्या वादळात?"

तेव्हाही सांगता आलं असतं. रेनो बघत होता. आर्डिसचे हात गरम होते.

"हो," वेंडेल म्हणाला.

सोमवारी सकाळी तो कॉफीचं भांडं घेऊन पायऱ्यांवर आला. गॅरेज आणि घर यांच्यामधल्या अंगणात भोक होतं. आठ इंच रुंद, वाटोळं, गोठलेल्या मातीत सरळ पाडलेलं. कडेला मातीचा नव्हे, बर्फाचा कीस. आत पाणी होतं, काठोकाठ. तळं तिथून मैलभर, आणि त्याचं घर टेकडीवर.

त्याने गळाच्या दोरीला शिसं बांधून आत सोडलं. रिळावर साठ फूट दोरी होती. सगळी गेली.

त्याने वर फळी ठेवली आणि कोणाला काही सांगितलं नाही. मंगळवारी दुसरं भोक होतं, पहिल्यापेक्षा पायऱ्यांच्या वीस पावलं जवळ. बुधवारी तिसरं. ते पायरीला लागूनच होतं आणि त्यातलं पाणी अजून हलत होतं.

बुधवारीच सकाळी त्याने आर्डिसला फोन लावला. उभ्याने, सगळं एका दमात सांगितलं. इंजिन पेटलं नाही तिथपासून. सूपही सांगितलं. रविवारची भोकं माझी नाहीत, हेही सांगितलं.

"सोळा इंच," आर्डिस म्हणाली. "तू फोन ठेवल्यावर त्याने ते कॅलेंडरवर लिहिलं. मी ते कॅलेंडर काढलेलं नाही. रोज ते बघून मला वाटायचं, लायललाच वाट नीट कळली नसेल. वर्षभर मी त्याला दोष दिला, वेंडेल."

"आर्डिस..."

"मला परत फोन करू नकोस."

त्यानंतर ती कधी त्याच्याशी बोलली नाही. चर्चमध्ये त्याला बघितलं की बाक बदलून बसते. तिने शेरीफलाही कळवलं, वेंडेलने जाऊन तेच परत सांगितलं, कागदावर सही केली. शेरीफची माणसं आपल्याला घरून उचलून नेतील असं त्याला वाटलं होतं. कोणी काही केलं नाही.

गुरुवारी नवं भोक पडलं नाही. नंतरही नाही. मे महिन्यात गोठलेली जमीन मोकळी झाली, पहिली दोन भोकं आपोआप बुजली, वर गवत आलं.

पायरीजवळचं मात्र राहिलं. वेंडेलने त्यात खडी ओतायला घेतली. पहिल्या दिवशी अकरा ढकलगाड्या खडी आत गेली. खाली कुठे आपटल्याचा आवाज आला नाही, आणि पाणी एक बोटभरही वर आलं नाही.