एकाहत्तरचं दार

“माझ्या लेकीचं नाव चोरीला गेलंय,” आजोबा म्हणाले, आणि भाऊजींची टिपणवही पहिल्याच ओळीला अडली.

गुप्तहेर होत्या वहिनी. भाऊजी त्यांचे धाकटे दीर. गाडी चालवायची आणि अंदाज चुकवायचा, ही दोन कामं ते इमानेइतबारे करत.

भानगड अशी होती. घरांचे नकाशे काढायचं सॉफ्टवेअर आजोबांच्या लेकीनं दहा वर्षं खपून लिहिलं आणि जगाला फुकट देऊन टाकलं. मग ती गेली. सॉफ्टवेअर उघडलं की पडद्यावर तिचं नाव यायचं. आता एक कंपनी तेच चकचकीत खोक्यात घालून, ‘बड्या कंपनीला टक्कर’ म्हणत विकत होती. नाव गायब.

“पैसा नको हो. तिचं नाव तेवढं परत लावा म्हणावं.”

आजोबांच्या अंगणातून घरात शिरायला पायऱ्या नव्हत्या, उतार होता. लेकीच्या खोलीचं दार अरुंद. चौकटीवर दोन्ही बाजूंना, गुडघ्याच्या उंचीवर ओरखडे. वहिनींनी टेप लावली: एकाहत्तर सेंटिमीटर.

“मांजर असणार,” भाऊजी म्हणाले.

“दोन्हीकडे एकाच उंचीवर? भलतंच शिस्तीचं मांजर!”

कंपनीतला इंजिनिअर छातीठोकपणे म्हणाला, “पहिल्या ओळीपासून मीच लिहिलंय.”

“एक दार काढून दाखवा बरं.”

त्यानं बटण दाबलं. दार उमटलं, रुंदी एकाहत्तर. “गिऱ्हाइकं कटकट करतात. दर वेळी हातानं बदलावं लागतं.”

“मग मुळातच बदला की.”

“ते नेमकं कुठे आहे, सापडत नाही.”

बाहेर आल्यावर भाऊजी म्हणाले, “पोरगा खरा वाटला.” वहिनींनी कपाळाला हात लावला.

दोन दिवसांनी मालकांच्या केबिनमध्ये इंजिनिअरलाही बोलावलं. मालक म्हणाले, “सगळं आमच्याच घामाचं आहे.”

“स्वतः लिहिलेलं स्वतःला सापडत नाही?” वहिनींनी सुरुवात केली. “आणि एकाहत्तर हा आकडा आला कुठून? लेक चाकाच्या खुर्चीत बसायची. म्हणून उतार, म्हणून ओरखडे. तिची खुर्ची जेमतेम जायची, ते तिच्या खोलीचं दार तुम्ही विकताय. फुकटच्या प्रतीत ती ओळ मी जाणकाराकडून शोधून घेतली. त्या ओळीला लेकीनं नाव दिलंय ‘माझी खोली’.”

इंजिनिअरची मान खाली गेली. भाऊजींना वाटलं, जिंकलो!

मालक मात्र हसले. “बरं, उचललं. पुढे?” त्यांनी छापील कागद सरकवला. सॉफ्टवेअरसोबतचा परवाना होता तो. ‘कोणीही घ्या, बदला, विका, नाव काढा. आमची काहीही हरकत नाही.’

वहिनींनी कागद दोनदा वाचला.

“मग माणुसकी म्हणून तरी लावा नाव!” भाऊजी ओरडले.

“धंदा आहे, साहेब.” मालक इंजिनिअरकडे वळले. “ऐकलंस ना? ‘माझी खोली’. ऐंशी कर. बाई, आभारी आहे. वर्षभर सापडत नव्हतं.”

इंजिनिअरनं तिथेच लॅपटॉप उघडला. मिनिटभराचं काम.

संध्याकाळी आजोबांच्या घरी जाऊन वहिनींनी सगळं सांगितलं. त्यांना आजोबांकडे बघवेना.

“चूक माझीच,” त्या म्हणाल्या. “मी बोलले नसते, तर ते दार तरी राहिलं असतं.”

“तुमची कशी? ‘हरकत नाही’ हे मीच घातलं होतं. ती म्हणत होती, बाबा, नावापुरती तरी अट ठेवू या. मी म्हटलं, देतोच आहोत तर मोकळ्या हातानं दे. लोक काय नाव पुसणार आहेत?”

ते उठले आणि खोलीच्या चौकटीवरून हात फिरवत राहिले. भाऊजींनी टिपणवही मिटली. त्या दिवशी त्यांनी कसलाच अंदाज सांगितला नाही.