हाताने पार्क, हेतूने ड्राइव्ह

चाचणी केंद्राच्या उतारावर तीच पांढरी हायब्रिड गाडी पुन्हा आणून उभी केली होती. बॉनेटवर एक कागद होता आणि त्यावर यमुना बिडकर यांची सही तेवढी व्हायची होती. 'चालकाने गाडी ड्राइव्हमध्ये ठेवली आणि तो उतरला,' असं कागदावर लिहिलं होतं. गेल्या महिन्यात ही गाडी आपणहून उतारावरून निघाली आणि फाटकावरच्या पहारेकऱ्याचा पाय मोडून थांबली. सही झाली की दोष यमुनाताईंच्या माथी बसणार होता आणि परवाना कायमचा जाणार होता.

"मी पार्कवरच टाकली व्हती," त्या म्हणाल्या. "खोट्याखाली सही करत न्हाई मी."

यमुनाताईंनी तीस वर्षं घाटातून दुधाचे टँकर चालवले होते. केंद्राने त्यांना चाचणी-चालक म्हणून मोठ्या कौतुकाने आणलं, आणि आता तितक्याच तत्परतेने घरी पाठवायला निघालं होतं.

"यंत्राची नोंद खोटी नसते, ताई," डॉ. निनाद राजोपाध्ये म्हणाले. गाडीची गिअरदांडी त्यांच्या डोक्यातून उतरलेली. गृहस्थ हुशार होते आणि आपली हुशारी ते क्षणभरही विसरत नसत.

चौकशी अधिकारी फरहाना मुजावर यांनी चष्मा पुसला. "ही दांडी नेमकं काय करते, ते मला एकदा सांगा."

"ही हेतुग्राहक दांडी आहे. हात हलण्याआधी मेंदूकडून तळव्याकडे इशारा निघतो, तो ही दांडी टिपते. घाबरलेला माणूस ब्रेक समजून अ‍ॅक्सिलरेटर दाबतो, पार्क करायला जातो आणि रिव्हर्स टाकतो. चुकतो तो हात, हेतू नव्हे. म्हणून दोहोंत फरक पडला की गाडी हेतूचं ऐकते."

"मग त्या दिवशी हाताने काय केलं होतं?"

डॉक्टर थोडे घुटमळले. "हाताची नोंद आम्ही अहवालात घेत नाही."

"यंत्रात असेल ना? वाचा."

त्यांनी पडद्यावर नोंद काढली आणि नाइलाजाने वाचली. "हात, पार्क. हेतू, गाडी गिअरमध्ये ठेवणे. अंमल, ड्राइव्ह."

यमुनाताईंना आधी हसू आलं, मग डोळे भरून आले. महिनाभर त्यांना स्वतःवरच शंका येत होती.

"ठेवणारच की गिअरमध्ये," त्या म्हणाल्या. "घाटात इंजिन बंद केलं की गाडी पहिल्या गिअरात अडकवायची आन् मगच खाली पाय टाकायचा. चाक जागचं हालत न्हाई. तीस वर्षं हेच केलंय, ते अंगातनं जाईल व्हय? म्हणून तर हाताला शिकवलं, बाई गं, हितं पार्क कर. हात शिकला."

फरहानाबाईंच्या लक्षात आलं. जुन्या गाडीत बंद इंजिन गिअरमधून चाकाला धरून ठेवतं. इथे इंजिन मुकं असलं तरी मोटर जागी होती, आणि ड्राइव्ह म्हणजे चाल. उतारावर आपोआप लागणारा ब्रेक तीन मिनिटांनी सुटला, तोवर यमुनाताई उतरून लांब गेल्या होत्या.

"म्हणजे हेतू यांचाच होता," डॉक्टर म्हणाले. "दोष सवयीचा. माझा सिद्धांत अबाधित आहे."

"अबाधित हाय ना? मग गाडीपुढं उभं राहा, सायेब."

नाही म्हणणं शक्य नव्हतं. डॉक्टर उताराच्या बाजूला, बंपरपासून दोन हातांवर जाऊन उभे राहिले. यमुनाताईंनी गाडी चालू केली, ब्रेकवर पाय ठेवला आणि सर्वांदेखत दांडी ड्राइव्हवर ढकलली. मग पाय काढला.

गाडी हलली नाही. पडद्यावर पार्क होतं.

"पाहिलंत?" डॉक्टरांचा चेहरा खुलला. "हाताने मला चिरडलं असतं. यांच्या मनात तसं नव्हतं, म्हणून मी वाचलो. यापेक्षा सुरक्षित दांडी जगात नाही."

"आत्ता न्हवतं मनात," यमुनाताई काचेतून मान बाहेर काढून म्हणाल्या. "तुमास्नी धडा द्यायचा, एवढंच व्हतं. पर म्हैनाभर काय काय आलं मनात, सांगू? ह्या मान्सानं मला खोटी पाडली, ह्येच. रोज रातच्याला मी तुमच्या अंगावर गाडी घातलीय, सायेब. हात आवरला म्हणून तुमी हितं हाय. मान्सं अशीच जगत्यात, हात आवरून. तुमी त्यो हातच काढून टाकला."

"आता मी दांडी पार्कवर टाकते. हात बघा तुमी, पार्कवरच जाईल. नीट उभं राहा."

डॉ. राजोपाध्ये बाजूला झाले. चांगली चार पावलं, गवतात.

फरहानाबाईंनी बॉनेटवरचा कागद उचलला आणि 'चालकाने' या शब्दावर बोट ठेवून तो दुरुस्तीसाठी डॉक्टरांपुढे धरला. यमुनाताईंचा हात अजून मांडीवरच होता.