म्हातारी ‘टक’ म्हणते

“पुन्हा एकदा. आणि या वेळी शेपट्या नुसता हात टेकवणार नाही, जोर लावणार आहे,” असं म्हणत वकिलाने बाह्या सरसावल्या आणि म्हातारीच्या नाकाला खांदा दिला.

म्हातारी म्हणजे आत्याची जीप. डिझेलवर चालणारी, चारही चाकांनी चढ चढणारी आणि घरातल्या तिन्ही मुलांपेक्षा वयाने कितीतरी मोठी. वकील हा मुंगीचा मोठा भाऊ. आज हवा गार आहे म्हटलं तरी तो पुरावा मागायचा, म्हणून हे नाव. मुंगी चणीने लहान, पण एखाद्या गोष्टीला चिकटली की सुटायची नाही. आणि शेपट्या हा काकांचा मुलगा. ही दोघं सुट्टीला आली की तो त्यांच्या मागेमागे असे, अगदी न्हाणीघराच्या दारापर्यंत.

आत्या जनावरांची डॉक्टर होती. डोंगरावरच्या वस्त्यांवर जाणारी ती एकटीच. सकाळीच वरून फोन आला होता. एका म्हाताऱ्या आजोबांची घोडी अडली होती आणि शिंगरू आडवं आलं होतं. आत्याने पिशवी उचलली, अंधाऱ्या शेडमध्ये गाडीचे दिवे लावले, किल्ली फिरवली. म्हातारी ‘टक’ म्हणाली आणि गप्प झाली. पुन्हा किल्ली, पुन्हा ‘टक’. आत्या फिरवतच राहिली. इंजिन हूं की चूं करेना.

एरवी आत्या गाडी उतारावर लावायची, म्हणजे ढकलून सुरू करता यायची. डिझेलचं इंजिन एकदा चालू झालं की दिवसभर कुरकुरत नाही. पण काकांनी काल ती धुवायला म्हणून आत आणली होती आणि भिंतीला नाक लावून उभी केली होती. आता ती उलटी ढकलत अंगणातून फाटकाबाहेर न्यायची, तिथे वळवायची आणि मग उतार. सगळ्यांच्या पाठीचे काटे ढिले झाले. म्हातारी अखेर धूर सोडत सुरू झाली तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं.

आत्या दुपारी परतली. तिने गाडी सरळ शेडमध्ये घातली, पुन्हा भिंतीला नाक लावून. उतारावर का नाही लावलीस, असं काकांनी विचारलं.

“आता गरज नाही,” आत्या म्हणाली.

घोडी वाचली होती. शिंगरू गेलं होतं. अर्धा तास आधी पोचले असते तर, एवढंच बोलून आत्या स्वयंपाकघरात जाऊन बसली. समोरचा चहा निवला, त्यावर साय धरली, तरी तिने कपाला हात लावला नाही. मग तिने मेकॅनिकला फोन केला आणि म्हातारी घेऊन जायला सांगितलं.

या मेकॅनिकला सगळे उस्ताद म्हणत, आणि त्यालाही ते आवडे. मागे त्याने आधी बॅटरी बदलली होती, मग इंजिनाला पहिला फेरा देणारा स्टार्टर बदलला होता. म्हातारी तरीही ‘टक’च म्हणत राहिली, तेव्हा त्याने बॉनेटवर थाप मारून निकाल देऊन टाकला होता की आतल्या सगळ्या तारा सडल्यात. ही गाडी सुट्या भागांसाठीच बरी, असं तो येता-जाता सुचवत असे. आता आत्याने त्याचं ऐकलं होतं. शहरात टेबलाशी बसून करायचं एक काम तिला कधीपासून मिळत होतं, तेही ती घेणार होती. नव्या गाडीचं नाव काढण्याइतके पैसे नव्हते.

मोठेपणी आत्याबरोबर त्या वस्त्यांवर जायचं हे मुंगीने केव्हाच ठरवून टाकलं होतं. आता आत्याच जाणार नव्हती. वरच्या जनावरांचं कोण बघणार, असं तिने विचारलं तेव्हा आत्या उठून कप विसळायला लागली. काकांनी गपचूप जाऊन सवयीप्रमाणे बॅटरीला चार्जर लावला. त्याचा काय उपयोग, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं शेडमध्ये जाऊन बसली. निरोप घ्यायलाच बसली होती खरं तर. शेपट्याने चाकावरून हात फिरवला. वकिलाने सकाळपासून एकाही गोष्टीचा पुरावा मागितला नव्हता, आणि हे फारच वाईट लक्षण होतं.

“काल मी भिंतीपाशी उभी होते,” मुंगी एकाएकी म्हणाली. “आत्या किल्ली फिरवत होती तेव्हा भिंतीवरचा उजेड हलला नाही.”

“भिंत तरी कुठे हलली?” वकील म्हणाला.

“ऐक ना. स्टार्टर खूप वीज खातो. बॅटरी उतरलेली असेल तर तेवढ्यात दिवे मंद व्हायला हवेत. झालेच नाहीत. म्हणजे बॅटरी भरलेली होती आणि स्टार्टर ती खातच नव्हता.”

वकील सरसावून बसला. स्टार्टर तर नवा आहे, त्याने हरकत घेतली. मग भूक नाही असं नाही, मुंगी म्हणाली, वीज त्याच्यापर्यंत नीट पोचतच नसणार. या वेळी शेपट्याने आपलं बोट पुढे केलं. बोटाला फोड होती. काल तो आत्याच्या शेजारी बसला होता आणि ओढून इंजिन बंद करायची मूठ धरून होता. ती इतकी तापली की त्याला भाजलं. त्याने ओरडून सांगितलंही होतं, पण सगळ्यांना वाटलं, ढकलायचं काम टाळायला ढोंग करतोय.

“मूठ तापली? तिला तर वीज नसतेच,” वकील म्हणाला.

मुंगीने बॉनेट उघडायला लावलं. मुठीतून एक बारीक पोलादी तार निघून थेट इंजिनापर्यंत जात होती. मुंगी ती तार बघत राहिली आणि शाळेतला धडा तिला आठवला. वीज नुसती जाऊन चालत नाही, तिला परत यावं लागतं. बॅटरीची एक जाड केबल स्टार्टरकडे गेली होती. दुसरी गाडीच्या सांगाड्याला, म्हणजे चासीला जोडली होती. पण इंजिन तर रबराच्या जाड ठोकळ्यांवर बसलं होतं, आणि रबरातून वीज जात नाही. मग इंजिनाकडून चासीकडे वीज परतते कशी?

टॉर्च घेऊन मुंगी गाडीखाली सरपटली. इंजिनाला वेणीसारखी विणलेली तांब्याची एक पट्टी जोडलेली होती. तिचं दुसरं टोक चासीवर एका बोल्टखाली आवळलं होतं. ते टोक काळंभोर होतं, गुळगुळीत, चकचकीत. बोल्ट काळा, त्याखालची वायसरची चकती काळी, पट्टीच्या कडेवरून डोकावणारी खालची जागाही काळी.

तिच्यामागून दोघं गाडीखाली आले आणि त्यांनीही पाहिलं. तो रंग घरात कुणालाही ओळखू आला असता. फाटकाला तोच होता, बादल्यांच्या कड्यांना तोच होता, बागेतल्या नळालाही तोच, म्हणून तर तो नळ फिरत नसे. काका दर वर्षी दिसेल ते लोखंड रंगवायचे, तेही वरवर नाही. बोल्ट काढायचा, पट्टी उचलायची, खाली दोन हात द्यायचे, वाळू द्यायचं आणि परत घट्ट आवळायचं. म्हातारीला गंज लागू नये म्हणून यंदा ते खाली आडवे पडून कंबर धरेपर्यंत रंगवत होते.

“रंगातून वीज जात नाही,” वकील हळू आवाजात म्हणाला. “म्हणून ती त्या बारीक तारेतून परतायला बघत होती. तिला ते झेपेना, म्हणून मूठ तापली.”

कुणाला आनंद झाला नाही. कोडं सुटलं होतं, पण हे सांगायचं म्हणजे शिंगरू कशामुळे गेलं हेही सांगायचं.

“बाबांनी मुद्दाम नाही केलं,” शेपट्या म्हणाला.

वकिलाने सुचवलं की आपणच रंग खरवडू आणि गप्प बसू. पाना लावून पाहिला, पण काकांनी आवळलेला बोल्ट तिघांनी मिळूनही हलेना. तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. उस्ताद गाडी ओढून न्यायची साखळी घेऊन आला होता.

आता आत्याला समजावणं हे एकच उरलं होतं, पण ती ऐकण्याच्या पलीकडे गेली होती. मुंगी तिचा हात धरून एकदाच किल्ली फिरव म्हणाली, तर आत्याने हात सोडवून घेतला. पुरे झालं आता, कालचं ‘टक’ अजून कानात आहे, असं ती म्हणाली. मुंगी तशीच मागे फिरली. शेडच्या खुंटीवर दोन्ही टोकांना चिमटे असलेल्या जाड तारांची, म्हणजे जंपर केबलची जोडी होती. त्यातल्या एका केबलचा चिमटा तिने बॅटरीच्या चासीकडे जाणाऱ्या टोकाला लावला आणि दुसरा चिमटा इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, म्हणजे विजेला रंग टाळून परतता येईल. मग बॉनेट हळूच खाली टेकवलं आणि वकिलाकडे पाहून मान हलवली.

स्टिअरिंग मोकळं करायला उस्ताद चालकाच्या जागेवर बसला होता. वकील काचेशी गेला.

“उस्ताद, म्हातारी आता जाणार. शेवटचं एकदा तिचं ‘टक’ ऐकवा ना. तुमच्याशिवाय ते कुणाला जमतं?”

“मुलांनो, हिच्या आत काही उरलेलं नाही,” उस्ताद हसून म्हणाला. पण कौतुक करून घ्यायला त्याला आवडे. त्याने गिअर मोकळा आहे ना ते पाहिलं, ऐटीत हात उंचावला आणि किल्ली फिरवली.

म्हातारी घुर्र घुर्र करून खडबडून जागी झाली. काळ्या धुराचा लोट निघाला आणि इंजिन धडधडू लागलं. उस्तादाचा हात किल्लीवरच राहिला. आत्या दारातून धावत आली, काका कंबर धरून तिच्यामागून आले.

मुंगीने भिंतीवरचा उजेड, शेपट्याची फोड आणि रबराचे ठोकळे असं सगळं सांगितलं. आत्याने बॉनेट उचलून ती एकुलती एक केबल पाहिली. तिने उस्तादाला विचारलं की दोन वेळा गाडी उघडली तेव्हा वीज परत कशी येते हे तुम्ही पाहिलं होतं का. उस्ताद साखळी गुंडाळू लागला. ती गुंडाळायला त्याला फार वेळ लागला.

“पण मग बिघाड कुठे होता?” आत्याने विचारलं.

वकिलाने मुंगीकडे पाहिलं, मुंगीने शेपट्याकडे. शेपट्या आपल्या चपलांकडे बघत होता. काकांनी मुलाच्या त्या खाली घातलेल्या मानेकडे पाहिलं, गाडी बंद केली आणि टॉर्च घेऊन खाली गेले. बराच वेळ फक्त त्यांचे पाय दिसत होते.

बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा पार उतरला होता.

“माझा रंग आहे,” ते म्हणाले. “मीच लावला. गंज लागू नये म्हणून. ताई, ते शिंगरू...”

मुंगीला वाटलं, आत्या आता ओरडेल किंवा निदान असू दे तरी म्हणेल. पण आत्या कपाटापाशी गेली, कानस काढली आणि भावाच्या हातात ठेवली.

“घास,” ती म्हणाली. “मी टॉर्च धरते.”

दोघं खाली गेली. काकांनी दात-ओठ खाऊन बोल्ट सोडवला. मग रंग खरवडायचा आवाज बराच वेळ येत राहिला, आणि मध्ये एकदा काकांनी नाक ओढल्याचाही. जागा पांढरी लख्ख झाली, तेव्हा पट्टी परत आवळली गेली. मुंगीने केबल काढून घेतली. आत्याने स्वतः किल्ली फिरवली आणि म्हातारी पहिल्या फटक्यात सुरू झाली. तरीही हसलं कुणीच नाही.

“मी इतके दिवस कान लावून बसले होते,” आत्या म्हणाली, “आणि तू भिंतीकडे पाहिलंस. मोठेपणी माझ्याबरोबर यायचं असेल तर अशीच बघत जा. वकील, तुझ्या थापेला शंभर गुण. आणि शेपट्या, तू ओरडलास तेव्हा आम्ही ऐकलं नाही. ती चूक आमची.”

शेपट्याने फोड आलेलं बोट पुन्हा एकदा सगळ्यांना दाखवलं. या वेळी सगळ्यांनी वाकून पाहिलं.

आत्याने शहरातल्या कामाचं नाव काढलं नाही. तिने पिशवी आणून मागे टाकली, घोडीला पुन्हा तपासायला हवं होतं. काका दाराशी घुटमळत उभे होते. मग हात पुसून ते तिच्या शेजारच्या जागेवर चढून बसले.

“त्या आजोबांना मला सांगायचंय,” ते म्हणाले. “तुझ्यामुळे नाही, माझ्यामुळे.”

आत्याने त्यांच्याकडे पाहिलं आणि गिअर टाकला. म्हातारी फाटकातून बाहेर पडली आणि चढाला लागली. तिघं फाटकाशी उभी राहून तिचा आवाज ऐकत होती. काळ्या रंगाचा डबा शेडच्या दारात तसाच होता. शेपट्याने तो उचलला, झाकण घट्ट लावलं आणि सगळ्यात खालच्या फळीवर, बाबांचा हात सहज पोचणार नाही इतका मागे ढकलून ठेवला.