सातव्या जागेचा लोड

बुधवार, सकाळी साडेनऊ

बोर्डाचं झाकण चार स्क्रूंवर असतं. तीन निघाले, चौथा गंजला होता. त्याला तेलाचा थेंब देऊन मी थांबले, तेवढ्यात काका चहा घेऊन आले. काकांनी चाळीस वर्षं औषधांचं दुकान चालवलं. कप अजूनही असा धरतात की जणू मोजून दिलाय.

"घे, वायरवाली. जेवणानंतर घ्यायचा, पण आधी घेतलास तरी अपाय नाही."

"काय बिघडलंय, काका?"

"घरात काही नाही. माझ्यात." त्यांनी छातीवर बोट ठेवलं. "शुक्रवारी दहाला माझा मेन बंद करणार आहेत. तासभर. मग म्हणे परत चालू करतात."

"आम्हीपण तेच करतो."

"तेच म्हटलं डॉक्टरला. तो हसला नाही."

बोर्ड पॅसेजच्या टोकाला. त्याच्यासमोर स्टुलावर काकू बसल्या होत्या. हात मांडीवर, नजर बोर्डावर. मी "काकू, बऱ्या आहात ना?" म्हटलं, तर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

काका माझ्या कानाशी आले. "तो सातवा ब्रेकर काढून टाक. तो आहे तोवर ही घर सोडायला तयार नाही. आणि ही बाहेर बसलेली नसेल तर मी ऑपरेशनच्या टेबलावर चढणार नाही. बघ बाई, आमच्या दोघांच्या हट्टात डॉक्टरची तारीख जाईल. पुढची तारीख मिळेपर्यंत मी असेन, असं तो म्हणाला नाही."


बोर्डावर, माझ्याच अक्षरात

हॉल. स्वयंपाकघर. झोपायची खोली. फ्रिज. गीझर. बाथरूम.

सातवी चिठ्ठी कोरी.

आठव्या जागेवर पांढरी प्लास्टिकची पट्टी.


हे आधी सांगायला हवं होतं

हा बोर्ड मीच बसवला. बारा वर्षांपूर्वी, स्वतःच्या जबाबदारीवर केलेलं पहिलंच काम. आठ जागांचा बोर्ड, सहाच लाइनी. उरलेल्या दोन भोकांवर पट्ट्या लावायच्या असतात, नाहीतर आत बोट जातं. माझ्याकडे पट्टी एकच होती. दुकान दोन जिने आणि तीन गल्ल्या लांब. पिशवीत सहा अँपिअरचा एक जास्तीचा ब्रेकर होता, तो बोर्डाच्या आतल्या रेलवर चढवला. खाली वायर नाही, काही नाही. नुसतं भोक बुजवलं. आमच्यात बरेच जण करतात. करू नये.

काकूंनी विचारलं होतं, "हा कसला गं?"

त्यांना मूल नाही हे मला माहीत नव्हतं. मी चेष्टेत म्हटलं, "असू दे काकू. पुढेमागे घरात कुणी वाढलं तर."

त्यांनी मला जेवायला वाढलं.


०.३४

चौथा स्क्रू निघाला. झाकण उतरवलं.

सातव्या ब्रेकरखाली लाल वायर होती. तिची जोडीदार काळी वायर न्यूट्रलच्या पट्टीवर. दोन्ही नव्या नव्हत्या. सगळ्यांवर सारखीच धूळ. तोंडं नीट सोललेली, एकही तार बाहेर नाही. माझ्यापेक्षा सुबक काम.

मी लाल वायरीला क्लॅम्प मीटर लावला. वायर न कापता तिच्यातून किती करंट जातोय ते हा सांगतो. ०.३४. एक पंखा आणि एक झिरोचा बल्ब.

"झोपलीये," काकू कुजबुजल्या. "काल उशिरापर्यंत टेबलाचा दिवा चालू होता. परीक्षा असेल."

"कोण, काकू?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की आपलाच प्रश्न आपल्याला वेडगळ वाटावा.


पोटाला कळतं ते

मी घरातले सहाही ब्रेकर बंद केले. घराच्या वीजमीटरचा लाल दिवा तरी लुकलुकत राहिला, सावकाश. काकूंनी एवढ्यावरच सगळं ओळखलं होतं. बाकीचं बंद करून त्या लुकलुकणं मोजायच्या. पहिली तीन वर्षं नुसता झिरोचा बल्ब. मग पंखा. सहाव्या वर्षी टेबलाचा दिवा. "आणि मागच्या वर्षापासून इस्त्री. सकाळी सव्वादहाला. स्वतःचे कपडे स्वतः करते हो. मी नाही शिकवलं."

मी वायरचा मागोवा घेतला. तिचा पाइप पॅसेजच्या भिंतीत शिरत होता. ती इमारतीची शेवटची भिंत. स्वयंपाकघराच्या खिडकीतून कंबरेपर्यंत बाहेर वाकून पाहिलं. तिसरा मजला, सपाट गिलावा, खाली वाळत घातलेल्या चादरी. शेजाऱ्याने चोरून लाइन ओढली म्हणावं, तर त्या बाजूचा शेजारी म्हणजे हवा.

आत आले तेव्हा बरोबर सव्वादहा झाले होते. क्लॅम्प मीटरवर ३.६.

पॅसेजमध्ये गरम सुती कापडाचा वास आला. काकूंनी डोळे मिटून तो घेतला. मलाही आला, हे मी कुणाला सांगितलेलं नाही. अकराला काही मिनिटं होती तेव्हा आकडा पायरी पायरीने उतरला. इस्त्री. पंखा. बल्ब. शून्य.

"गेली शाळेत," काकू म्हणाल्या आणि सकाळपासून पहिल्यांदा स्टुलावरून उठल्या.


जिन्यात

काका मला सोडायला खाली निघाले. दुसऱ्या मजल्यावर त्यांनी कठडा धरला आणि पायरीवर बसले. ओठ निळसर. मी वर हाक मारली. काकू अनवाणी आल्या, त्यांच्या शेजारी बसल्या, पाठ चोळत राहिल्या.

"नाटक करतोय म्हणशील," काका श्वासांच्या मधून म्हणाले.

"नाही म्हणत. गप्प बसा."

काकांचा श्वास हळूहळू जागेवर आला. मग काकू माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "उद्या दुपारी काढ. अकरा ते पाच ती नसते."

"काकू, नुसता बंद ठेवला तर?"

"बंद असला तर मी परत येऊन चालू करीन. माझं मला ठाऊक आहे. काढच."


गुरुवार, ०.००

मेन बंद. टेस्टर आधी चालू लाइनवर तपासला होता, मग इथे. विझलेला. काकूंनी टॉर्च धरला.

खालचा स्क्रू सैल केला. लाल वायर बाहेर आली. काळी सोडवली. ब्रेकरच्या पायाशी स्क्रूड्रायव्हरचं टोक घालून रेलवरची कडी दाबली, तसा तो हातात आला. बारा वर्षांचा ब्रेकर, कोमट. दोन्ही तोंडांवर टेप गुंडाळला, वायरी कडेला दुमडल्या. सातव्या भोकावर पांढरी पट्टी बसवली, मेन परत चालू केला.

"इतकंच?" काकूंनी विचारलं.

"इतकंच."

"दात काढायला याहून जास्त वेळ लागतो," काका म्हणाले.

काकूंनी ब्रेकर मागितला, पदराला पुसला आणि कपड्यांच्या बॅगेत सगळ्यांत खाली ठेवला. मग घड्याळाकडे पाहिलं. "पाचच्या आत निघू या. ती आली की मला इथे राहायचं नाही."

साडेचारला गाडी आली. आज भरती, उद्या ऑपरेशन. काका जिना एकेक पायरी करत उतरले. मेन बंद करून किल्ली समोरच्या शेजाऱ्यांकडे दे, असं मला दोनदा बजावलं. पॅसेजमध्ये शाळेतून येणाऱ्याला लागतो तसा एक दिवा काकू लावून गेल्या होत्या. मेन बंद केला, तसा तोही गेला.


चार पंचावन्न

झाकण लावायचं राहिलं होतं. मी पहिला स्क्रू घट्ट केला. दुसरा. घर अगदी शांत होतं, फ्रिजसुद्धा नाही. खिडकीतून पिवळं ऊन पॅसेजच्या अर्ध्यापर्यंत आलं होतं.

मग बारीकशी गुणगुण. लोड आला की बोर्ड करतो तशी.

मेन पाहिला. बंद.

झाकण परत उतरवलं. लाल वायरचा टेप सोडून टेस्टर लावला.

पेटला.

टेस्टर खोटं बोलतो, शेजारच्या वायरीच्या नुसत्या सोबतीनेही उजळतो. म्हणून मीटर लावला. दोनशे एकतीस व्होल्ट.

आमच्या बाजूने काहीच जात नव्हतं. तिकडून येत होतं.

मी बघत असतानाच आकडा शून्यावर आला. परत दोनशे एकतीस. परत शून्य. मध्ये तेवढंच अंतर, बोट खाली, बोट वर.

हे मला ओळखीचं आहे. बोर्डाच्या चिठ्ठ्या कोऱ्या असल्या की आम्ही असंच करतो. एकजण बोर्डापाशी उभा राहून ब्रेकर खालीवर करतो, दुसरा खोल्यांमधून फिरत ओरडतो: बंद. चालू. मग चिठ्ठीवर खोलीचं नाव लिहायचं.

ज्या लाइनीवर कुणी ओरडत नाही, ती काढून टाकतात.

शून्य.

तिकडे बोर्डावर आमची चिठ्ठी कोरी असणार.

दोनशे एकतीस.

"चालू!" मी ओरडले. रिकाम्या पॅसेजमध्ये माझा आवाज फार मोठा वाटला.

शून्य.

"बंद!"

थोडा वेळ काहीच नाही. मग लाइन आली आणि तशीच राहिली. पाच मिनिटं. सात. तोंडं परत गुंडाळायला मी काळजीपूर्वक टेप उचलला. तेवढ्यात परत गेली.

"बंद," मी म्हटलं.

साडेपाचला काकांचा फोन आला. खोली मिळाली, खिडकीजवळची. काकूंनी सफरचंद चिरून दिलं, पण काकांना उपाशी राहायचंय म्हणून स्वतःच खाल्लं. "झालं का गं सगळं? निघालीस?"

"निघते, काका." मीटरवर दोनशे एकतीस आलं, तसं फोनपासून तोंड फिरवून मी "चालू" म्हटलं.

"आवाज का असा? आणि मध्येच कुणाला चालू म्हणालीस?"

"काही नाही. तुम्ही झोपा. उद्या दहाला ना?"

"दहाला. तासभर."

फोन ठेवला. समोरच्यांना किल्ली दिलेली नाही. स्टूल ओढून बोर्डासमोर घेतलंय, लाल वायर मीटरला लावून ठेवलीये. आता तिकडे घाई नाही. कधी दहा मिनिटांनी, कधी वीस. दर वेळी मी उत्तर देते, आणि दर वेळी, उत्तर दिल्यावर, भिंतीच्या आतून पेन्सिलीने सावकाश काही लिहिल्याचा आवाज येतो.