दुसऱ्या हाताची निशाणी

खबर आली त्या दिवशी नरहरी दुर्गच्या बाजारात वायसर आणि ग्रीसचा डबा आणायला गेला होता. नेहमीसारखाच दिवस होता. सायकलच्या कॅरिअरला पिशवी बांधून तो दुपारी भिलाईच्या पॉवर हाऊसजवळच्या गॅरेजात परत आला, तर आत पान्याचा एकही आवाज नव्हता. सेठ बाजेवर बसला होता आणि त्याच्या हातात तारेचा कागद होता. नरहरीनं पिशवी खाली ठेवली. कोणी काही बोलायच्या आधीच त्याला कळलं होतं. काय झालं, हे त्यानं विचारलं ते फक्त विचारायला पाहिजे म्हणून.

मारोतरावांनी गोष्ट इथूनच सुरू केली. सेक्टर सहामधलं त्यांचं क्वार्टर, अंगणात दोन बाजा आणि लाइट गेलेली. समोर त्यांचा पुतण्या विजयकुमार आणि शेजारची तीन-चार पोरं बसली होती, सगळी पोलादाच्या प्लांटात नुकती लागलेली. तिकडे भट्टीची वितळलेली स्लॅग ओतली की आभाळ क्षणभर लाल होई. तेवढ्यापुरते चेहरे दिसत, मग पुन्हा अंधार.

"काका, हे खरं हाये, का तुमी बनवून राहिले?" विजयकुमारनं विचारलं.

"मी त्या गॅरेजात स्टोअर सांभाळत होतो बे. नरहरी मले भाऊ म्हणे. चूप बस अन् ऐक."

गोष्ट एकसष्ट सालची. नरहरी आणि सुखराम दोघे तुमसरकडचे, शेजारशेजारच्या गावचे. धानाची शेती भावांवर सोपवून एकाच गाडीनं भिलाईला आलेले आणि एकाच गॅरेजात मिस्त्री म्हणून लागलेले. त्यांचं काम जोडीचं. एक गाडीखाली, एक बाहेर. खालच्यानं न बघता हात बाहेर काढायचा आणि नुसतं माप बोलायचं. बाहेरच्यानं तो पाना त्याच्या तळहातावर ठेवायचा.

गॅरेजाची एक रीत होती. नट आवळला की त्यावर रंगाचं बोट ओढायचं. नरहरीचा रंग शेंदरी, सुखरामचा पांढरा. एकानं आवळायचं आणि दुसऱ्यानं तपासून वरून आपलं बोट ओढायचं. नटावर दोन रंग दिसल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर जायची नाही.

त्या वर्षी पावसाळ्यात सेठनं लष्कराच्या लिलावातून एक डॉज आणली. लढाईतली, बंद टपाची, दांडगी गाडी. श्यामराव साहेबांची पाहणीची तुकडी तीन महिने बस्तरच्या जंगलात हिंडणार होती, त्यांच्यासाठी ती सजवायची होती. रस्ता नाही, पंप नाही, दुकान नाही, तिथे राहायचं म्हणजे गाडी हेच घर. साहेबांनी दोघांनाही विचारलं, काय काय करता येईल? नरहरी विचार करत राहिला. सुखरामनं तिथल्या तिथे कोळशानं भिंतीवर गाडी काढून दाखवली. काम सुखरामकडे गेलं आणि नरहरी त्याच्या हाताखाली आला.

मग दोन महिने नरहरीनं दुसऱ्याचं कौतुक ऐकलं. सुखरामनं कमानींना जादा पट्टे घातले, गाडी हातभर उंच झाली. पोटाखाली जाड पत्रा ठोकला. मागच्या सीटखाली पेट्रोलची दुसरी टाकी बसवली, टपावर पाण्याची टाकी आणि तिला बाहेरून नळ. नाल्यात इंजिनात पाणी शिरू नये म्हणून हवेचा पाइप टपापर्यंत नेला. आत दोन माणसं झोपतील अशी घडीची फळी आणि मच्छरदाणीला कड्या. बघायला कँपातली माणसं येऊ लागली. प्लांटातला एक रशियन साहेब आला, गाडीभोवती दोनदा फिरला, सुखरामच्या पाठीवर थाप मारून "खराशो", म्हणजे छान, म्हणाला. नरहरी बाजूलाच पाना पुसत उभा होता. त्याच्याकडे कोणी बघितलं नाही.

सगळ्यात जास्त नाव झालं ते मागच्या दाराचं. ते आडवं पाडलं की त्याचाच ओटा व्हायचा, वर स्टोव्ह, बाजूला पिठाचा डबा. खुद्द नरहरीची बायको रुक्मा बघून आली आणि रात्री जेवताना म्हणाली, "सुखरामभाऊनं तं गाडीत रांधणखोलीच बसवली जी! असं डोकं पाहिजे माणसाले."

नरहरीचा घास हातातच राहिला. दार आडवं पाडलं तर त्यावर चूल मांडता येईल, हे तोच एकदा चहा पिता पिता बोलला होता. सुखराम तेव्हा नुसता हसला होता. आठ दिवसांनी दाराला बिजागऱ्या लागल्या.

"मंग सांगितलं कावून नाई त्यानं?" एका पोरानं विचारलं.

"कोणाले सांगणार? आन् काय सांगणार? माही चूल चोरली?" मारोतराव म्हणाले.

दिवाळी झाली. सोमवारी तेरा तारखेला गाडी निघायची होती आणि चालवायला सुखरामच जाणार होता. रविवारी नरहरी तपासायला गाडीखाली शिरला. एकेका नटावर पांढरं बोट होतं. तो पाना लावून बघत होता आणि शेंदरी ओढत होता. पुढच्या चाकाशी, जिथे स्टेअरिंगचा टायरॉड, म्हणजे चाक वळवणारा दांडा, जोडतात, तिथे त्याचा हात थांबला. नट घट्ट होता. पण नटाच्या खाचेतून आरपार जाणारी स्प्लिट पिन नव्हती. ती पिन घालून टोकं वाकवली म्हणजे हादऱ्यानं नट फिरत नाही. बघ्यांच्या गर्दीत सुखराम विसरला होता. भोक रिकामं होतं.

नरहरीच्या खिशात पिना होत्या.

त्यानं मनाशी हिशोब केला. रस्त्याचे हादरे असे, की वाटेतल्या कुम्हारीच्या पुढे काही हा नट राहत नाही. तिथवर घाट नाही, गाडी हळू. चाक वाकडं होईल, गाडी कडेला लागेल आणि बैलजोडी लावून ओढत आणतील. साहेब बघतील, रशियन बघेल. मग रुक्मालाही बघू दे.

त्यानं बोट शेंदरी डबीत बुडवलं आणि त्या नटावर ओढलं.

सोमवारी सुखराम निघाला. जाताना खिडकीतून ओरडला, "नरहरी, येतो बे! मैनाले सांगजो, पोहोचल्यावर कागद धाडतो." नरहरीनं हात वर केला. संध्याकाळपर्यंत त्याचं लक्ष रस्त्याकडे होतं. गाडी ओढून आणली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. कुम्हारी गेलं, रायपूर गेलं, धमतरी गेलं. नट टिकला. तो केशकालच्या घाटापर्यंत टिकला. मग ती तार आली.

श्यामराव साहेब बाहेर फेकले गेले, हात मोडला, वाचले. ते एवढंच सांगत, "स्टेअरिंग फिरत होतं, चाकं वळत नव्हती." सुखराम गाडीबरोबर खाली गेला.

झाडांनी अडवली म्हणून गाडी फार मोडली नव्हती. ट्रकवर घालून ती परत आणली. साहेबांनी सेठला कळवलं, जानेवारीत दुसरी तुकडी जाईल, गाडी जशी होती तशीच उभी करा. सेठ नरहरीला म्हणाला, "आता तूच आहेस. पण सुखरामनं केली होती तशीच पाहिजे."

आता डॉज नरहरीच्या हातात आली होती. पण तिचं नाव बदललं नाही. येणारा-जाणारा विचारी, "सुखरामची गाडी झाली का?" मेलेल्या माणसाचा हेवा करायला माणसाला लाज वाटते. नरहरीला वाटे. तरी तो करत असे.

शनिवार, सोळा डिसेंबर. दुपारी सुखरामची बायको मैनाबाई गॅरेजात आली. गाडीजवळ उभी राहिली. मग म्हणाली, "भाऊ, तपासली तुमीच होती ना?"

"हो वैनी."

"मले दाखवले होते तेनं दोन रंग. म्हणे, नरहरीचा रंग लागला का मी डोळे मिटून चालवतो. मंग कावून झालं जी असं?"

"घाट वाईट हाये, वैनी."

ती मागच्या दाराकडे गेली. वाकलेल्या ओट्यावरून हात फिरवला. "हे डोकं तुमचं होतं म्हणत. सायबाले सांगीन म्हणत, परत आलो का. म्हणे, आता सांगतलं तं तो लाजून पळून जाईन."

नरहरी पाना पुसत राहिला. ती गेली.

सहाला सगळे घरी गेले. नरहरी थांबला. घरी जाऊन रुक्मासमोर बसवेना. कंदील जमिनीवर ठेवून तो गाडीखाली शिरला आणि पुढच्या चाकाचं काम करू लागला. थंडी होती. नऊ वाजून गेले असतील. हात काम करत होते, डोकं भलतीकडेच होतं.

"पाऊण," तो म्हणाला आणि हात बाहेर काढला.

तळहातावर पाना आला. थंडगार. त्यानं नट आवळला.

"नऊ-सोळा."

आला.

"हातोडी."

आली. दांडा पुढे, डोकं मागे, त्याला लागत असे तशीच. त्यानं दोन ठोके दिले. तिसरा देताना हात वरच राहिला.

सहाला सगळे घरी गेले होते.

तो हलला नाही. कंदिलाची वात स्थिर होती. बाहेर काही वाजत नव्हतं. त्यानं मान हळूहळू वळवली.

पुढच्या चाकाशी पाय होते. अनवाणी. डावं पाऊल उजव्या पावलावर ठेवलेलं. असा एकच माणूस उभा राहायचा.

"सुखराम..."

...

"सुखराम, मी..."

पाय तसेच. नरहरीच्या डोक्यावर त्याच जागचा नवा नट होता. पिनेचं भोक रिकामं. त्यानं हात बाहेर काढला.

"पिन दे."

...

"पिन दे रे, सुखराम."

तळहात रिकामाच. तो वाट बघत राहिला. किती वेळ, ते त्याला सांगता आलं नाही. बोटं गारठली, तरी हात आत घेतला नाही. घेण्याची हिंमत नव्हती.

मग दहाचा भोंगा झाला. दुसरी पाळी सुटली. नरहरीनं पुन्हा बघितलं, तर चाकाशी नुसती जमीन होती.

तो बाहेर आला. कंदील उचलला. त्या संध्याकाळी आवळलेल्या प्रत्येक नटावर त्याचं शेंदरी बोट होतं, आणि त्यावर ओढलेलं एक पांढरं. ओलं. "पांढऱ्या रंगाची डबी मी सुखराम गेल्यावर स्टोअरमध्ये कुलूपबंद करून ठेवली होती, अन् किल्ली माह्या कमरेला होती."

मारोतराव थांबले. आभाळ लाल झालं आणि विझलं.

"आन् तो नट?" विजयकुमारनं विचारलं.

"त्याच्यावर पांढरा नव्हता."

नरहरीनं त्यात पिन घातली, टोकं वाकवली, शेंदरी ओढला. रोज सकाळी येऊन बघितलं. पांढरा आला नाही. जानेवारीत साहेब गाडी न्यायला आले, तेव्हा नरहरी फाटकात आडवा उभा राहिला. म्हणाला, एका नटावर दुसरा रंग नाही, ही गाडी बाहेर जाणार नाही. सेठनं शिव्या दिल्या, कामावरून काढलं. पण दुसरा कोणी मिस्त्री त्या गाडीला हात लावेना. साहेब जीप घेऊन गेले.

"डॉज अजून उभी हाये गॅरेजामागं. सात वर्षं झाली. टायर गेले, टपापर्यंत बेशरमाची झुडपं वाढली. मागच्या महिन्यात मी गेलो होतो, खाली वाकून एका नटावरच्या पांढऱ्याला बोट लावलं." मारोतरावांनी अंगठा तर्जनीवर घासला, जसं काही पुसत होते. "ओला हाये."

विजयकुमार पुढे सरकला.

"आन् त्या नटावर अजून..."

"नाई."

मैनाबाई आता रिसालीत राहते. नरहरीच्या घरापासून चार घरं पलीकडे. दर दिवाळीला ती त्याच्याकडे फराळाचा डबा पाठवते आणि रुक्मा तो रिकामा परत देत नाही. नरहरीनं तिला अजून सांगितलेलं नाही.