न मळलेलं पान

कोनाड्यात कापड होतं. किताब नव्हती.

बख्तमीनाने हात आत घालून चाचपलं. दर्ग्यावरून आणलेलं हिरवं रेशमी कापड, नीट घडी घातलेलं. नवऱ्याला माती देऊन तिसरा दिवस, आणि तिच्या डोळ्यांतून अजून टिपूस पडलं नव्हतं. आताही छातीत काही हललं नाही. "गेली," एवढंच म्हणाली. शेळी गेली म्हणावं तसं.

खट्टक पठाणांमधल्या त्यांच्या भावकीची सात पिढ्यांची किताब ती. कोण कुणाचा, कोण कुठे पडला, कुणी काय गायलं, सगळं पद्यात. वाचण्याचा मान तिच्या नवऱ्याचा. वाचणारा गेला की चौथ्या दिवशी ती भावकीसमोर पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत वाचायची आणि नवा वाचणारा नेमायचा, ही रीत. म्हणजे उद्या.

"पलवशानेच लांबवली," जावई सरबुलंद अंगणातून म्हणाला. भर उन्हाळ्यात त्याच्या अंगावर लोकरी शाल. "तिच्या माहेरच्यांशी आपला कुरणाचा तंटा. कुरण आपलं, हे त्या किताबीतच लिहिलंय ना!"

पलवशा म्हणजे विधवा सून. तीन वर्षांच्या लेकीला छातीशी धरून भिंतीला टेकली होती.

भावकीचा प्रमुख, मलिक तोरगुल, याने दाढी कुरवाळली. "दुपारच्या नमाजापर्यंत सापडली नाही, तर सून माहेरी जाईल. मुलगी इथं राहील. ती आपली."

"गाय विकतानासुद्धा वासराकडे बघतात, मलिकसाहेब," बख्तमीना म्हणाली. "नमाजाला वेळ आहे. तोवर बाहेर बसा आणि दाढीच कुरवाळा."

सगळे गेले तशी तिने सुनेला जवळ बसवलं.

"आज कोनाड्याशी कोण गेलं?"

"मी, झाडायला. तेव्हा होती. मग जावई. बाबांच्या जागेवर बसून दुआ मागतो म्हणाले."

"तू बाहेर गेलीस?"

"कशी जाणार, आदे?" सासूला ती आई म्हणूनच हाक मारायची. "दारात रडणाऱ्या बायका बसल्यात पहाटेपासून."

"तो गेला?"

"गेले. रिकाम्या हातांनी. त्या बायकांतल्या गुलनामा मावशीने तर थांबवून दोन्ही हात धरले, सांत्वन केलं."

म्हणजे किताब घरातच. बख्तमीना अंगणात आली. तीन दिवस तंदुराच्या ज्या झाकणावर कोंबडी बसून होती, तिथून ती आज भिंतीवर गेली होती. म्हातारी क्षणभर तिथेच उभी राहिली. मग दाराकडे वळली.

"जावईबापू, शालीत उकडत नाही?"

"ताप आहे, आदे."

"खाल्लंस काही?"

"शेजारून आलं तेच. तुमचा तंदूर उद्या पेटेल ना? वाचनाला माणसं येतील. पहाटेच पेटवायला सांगा, पलवशा असो नसो."

"सांगते. मलिकसाहेबांना आत बोलाव."

माणसं आली. म्हातारीने तंदुराच्या झाकणावरचा दगड पायाने ढकलला, बाही वर सारली आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. वर आला तेव्हा त्यात किताब होती. हात राखेने पांढरा.

"आता जावयाची शाल काढा."

कुणी हललं नाही. तिनेच ओढली. सरबुलंदची काळी बाही खांद्यापर्यंत राखाडी होती.

"मयताच्या घरी तीन दिवस चूल पेटत नाही," ती म्हणाली. "राख चिकटायला माणसाला तंदुरात हात घालावा लागतो. बाहेर बायका, म्हणून नेता येईना. तंदुरात टाकली की उद्या पहाटे आमच्याच हातांनी जळणार, आणि विचारलंच कुणी तर सून आहे. ताप कसला आलाय!"

"परक्यानेही टाकली असेल," मलिक पुटपुटला.

"परक्याने कापडासकट उचलली असती. याला जाळायची होती. दर्ग्याचं कापड आगीत घालायची छाती झाली नाही, म्हणून घडी घालून ठेवलं."

"पण का?"

बख्तमीनाने किताब उघडली. एक अक्षर वाचता येत नव्हतं. पानांच्या कोपऱ्यांवरून तिने अंगठा फिरवला. सगळे कोपरे मळलेले. एक मात्र इतरांहून स्वच्छ.

"हे. सासरा वाचायचा, तेव्हा मी नवी नवरी, पडद्यामागे पीठ मळत ऐकायचे. याच्या पणजोबाने आसऱ्याला आलेला पाहुणा शत्रूच्या हवाली केला, ते इथं आहे. आमच्या लेकीला त्या घरात दिलं, त्या दिवसापासून माझ्या माणसाने हे पान न वाचता, दुसऱ्याबरोबर उलटून टाकलं. जावयाला ते ठाऊक होतं. उद्याचा वाचणारा उलटणार नव्हता."

सरबुलंदची मान खाली. "आदे, तुमच्या लेकीचीही लाज आहे ती."

"पणजोबा मेला, त्याची लाज शिळी झाली होती. माझी सून माझ्या आसऱ्याला आहे. तू तिला हवाली करायला निघालास. ताजी लाज तुझी."

मलिकने विचारलं, "उद्या ते पान वाचायचं?"

"सगळं वाचायचं. जावई पहिल्या रांगेत बसेल. त्याआधी इथं, लेकरासमोर, पलवशाची माफी मागेल."

त्याने मागितली. पलवशाने लेकीला फक्त दुसऱ्या कडेवर घेतलं.

चौथ्या दिवशी तंदूर पेटला. ओसरीवर नव्या वाचणाऱ्याचा आवाज चढत गेला, त्या पानाशी अडखळला, पुढे गेला. पान उलटताना त्याच्या अंगठ्याचा डाग कोपऱ्यावर राहिला. बायकांतून बख्तमीनाच्या लेकीचा, सरबुलंदच्या बायकोचा, हुंदका ऐकू आला.

बख्तमीनाने गरम रोटीचा तुकडा तोंडात घातला. चव लागली नाही. डोळे कोरडेच. तिने तो चावला, गिळला, आणि सुनेकडे न बघता म्हणाली,

"मीठ कमी पडलंय गं. उद्या बघून घाल."